शुद्धिपत्र

दर बुधवारी रात्री नऊला बासिलिओ एचेव्हेरीचा फोन येतो.
तो टाइप करत नाही. सांगतो, मी उतरवून घेते.
एकोणीस वर्षं झाली. मोंतेविदेओतल्या या पेपरात
पान अकरा माझं,
आणि त्यावरच्या चाळीस ओळी त्याच्या.

"लिही. पहिला, घोड्यांचा.
घोडे उत्तम.
माणसं खाली उतरली की सिनेमाही उतरतो.
दोन तारे. दोन्ही घोड्यांना."

मागे किटली शिट्टी मारते.
तो मातेच्या भोपळ्यात पाणी ओततो, मी थांबते.

"दुसरा. पोलीस, बर्फ, हरवलेली मुलगी.
संगीत म्हणजे नाकापेक्षा मोती जड.
कुणी साधं दार उघडलं तरी पंचवीस व्हायोलिनं धावून येतात.
दाराला स्वतःचा आवाज असतो,
हे त्या दिग्दर्शकाला कुणी सांगितलेलं नाही.
एक तारा."

"बर्फ कसा होता?" मी विचारते.
तो गप्प.
"बर्फ खरा होता. दीड कर."

लोक म्हणतात, कडू आहे म्हातारा.
एका निर्मात्याने त्याला त्याच्याच परीक्षणात गुंडाळून
मासा पाठवला होता.
"ताजा होता," एवढंच बोलला. तळून खाल्ला.
आणि एकदा माझ्या हातून त्याचा एक 'नाही' गळला,
तो टुकार सिनेमा सहा आठवडे चालला.
मी माफी मागितली.
म्हणाला, मग तो 'नाही' माझाच जास्तीचा असेल.

गेल्या बुधवारी फोन अकराला आला.
पान सोडायची वेळ. खाली यंत्रं तापलेली.

"लिही. पायसांदूच्या एका पोराचा पहिलाच सिनेमा.
गोष्टीला बूड नाही.
नायक ओठ हलवायला घाबरतो.
तीनदा संपतो, आणि चौथ्यांदा संपायला हवा तेव्हा संपत नाही."
मी लिहीत होते.
"एकसष्टाव्या मिनिटाला बोटीचा धक्का. गर्दी.
नायक तिकीट काढतोय.
त्याच्या डाव्या खांद्यामागे हिरव्या रेनकोटातली एक बाई
सँडविचचा कागद चार घड्या घालून खिशात ठेवते.
शेजारी कचऱ्याचा डबा असताना.
चार सेकंद.
अख्ख्या सिनेमात अभिनय न करणारं हे एकच माणूस."

माझं पेन थांबलं.
इर्माच्या घरी ड्रॉवरभर असे कागद होते,
मी पाहिलेत, तिला पोचवून आलो त्या संध्याकाळी.
मार्चमध्ये दोन वर्षं झाली.

"किती वेळा पाहिलात?"
"तीनदा. तिसऱ्यांदा तिकीट काढून."
उभ्या आयुष्यात त्याने तिकीट काढलं नव्हतं.

"तारे?"
किटली शिट्टी मारत राहिली, कुणी उचलली नाही.
"दोन."
"बासिलिओ—"
"दोनच. घरचं माणूस दिसलं म्हणून काट्यावर अंगठा ठेवायचा नसतो.
आणि ओळी जास्त झाल्यात. ती रेनकोटवाली काढ.
तिचा सिनेमाशी संबंध नाही."

चव्वेचाळीस भरल्या.
चार काढायच्या होत्या.
मी नायक काढला, त्याचे ओठ काढले,
एक शेवट काढला.
तारे दोन ठेवले.

गुरुवारी तो कधीच फोन करत नाही.
"कात्री चुकीच्या जागी चालवलीस."
"हो."
बराच वेळ नुसता श्वास.
"आणि 'खिशात' छापलंस. मी 'पर्समध्ये' म्हणालो होतो.
त्या रेनकोटाला खिसे नव्हते. मीच घेतला होता तो."
"शुद्धिपत्र देऊ?"
"द्यायलाच हवं."

शुक्रवारी, पान दोन, हवामानाच्या खाली, बारीक टाइपात:
कालच्या अंकातील सिनेमा परीक्षणात
बाईने कागद खिशात ठेवल्याचे म्हटले होते.
तो तिने पर्समध्ये ठेवला.
चुकीबद्दल दिलगीर आहोत.